सदऱ्यावरचे रंग उजळ कसे येतील?

मंडळी, आज आपल्याशी रंगांविषयी चार शब्द बोलायचे आहेत. पण चित्रकलेच्या तासाला बोलतात तसे नव्हे. हल्ली तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडच्या आजूबाजूला, ‘टी-शर्ट छापून मिळतील’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. गणेशोत्सवाचे मंडळ असो, कबड्डीचा संघ असो, दिंडी असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, ज्याला त्याला आपले चिन्ह छातीवर हवे असते. पूर्वी हे काम जाळीच्या चौकटीतून होई. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट करावी लागे, आणि पुष्कळ नग असल्याशिवाय ते परवडत नसे. आता पाच-दहा नगसुद्धा छापून मिळतात. हे ज्या यंत्राने साधले त्याला ‘डीटीएफ’ म्हणतात. या अक्षरांचा अर्थ एवढाच, की चित्र आधी थेट एका पारदर्शक फिल्मवर छापायचे आणि तिथून मग ते कापडावर उतरवायचे.

यंत्र चांगलेच आहे. पण तक्रार एक हमखास ऐकू येते : “मोबाइलमध्ये रंग काय झकास दिसत होता, आणि छापून आला तो असा मळका!” ही तक्रार एकदा माझ्याच वाट्याला आली, म्हणून तर मी या विषयात शिरलो.

आमच्या शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांसाठी निवडला गेला होता. पालकांनी वर्गणी काढली. गडद निळे सुती टी-शर्ट आणि त्यांवर शाळेचे बोधचिन्ह, म्हणजे उगवता सूर्य आणि त्याखाली ज्वारीची दोन कणसे, असे ठरले. काम दिले ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला. त्याने कर्ज काढून नुकतेच हे यंत्र आणले होते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठा आला, आम्ही सोडला, आणि सगळे गप्प झालो. सूर्य नारिंगी असायचा, तो चिंचेच्या कोळासारखा आला होता. पाचवीतली एक चिमुरडी म्हणाली, “गुरुजी, हा मावळतीचा आहे का हो?” पोरी हसल्या, पण त्या दुकानदार पोराचा चेहरा पाहवेना. एकदा कापडावर बसलेली छपाई सहजासहजी निघत नाही. म्हणजे कापड गेले, शाई गेली, फिल्म गेली आणि गावात नाव गेले ते निराळेच. मी त्याला म्हटलं, “अरे, भरपाईचं मागाहून बघू. आधी हा रंग मेला कुठं, ते शोधू या.” पुढले पंधरा दिवस शाळा सुटली की मी त्याच्या दुकानी जात असे. तिथे जे कळले ते आता सांगतो.

आधी यंत्राची रीत समजून घेऊ. यात रंगाच्या शाया चार : निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पाचवी पांढरी. फिल्मवर चित्र उलटे छापले जाते, आरशात दिसते तसे. आधी रंग पडतात आणि त्यांच्या पाठीवर पांढऱ्याचा थर पडतो. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची बारीक भुकटी पसरतात. भुकटी ओल्या शाईला धरते, उरलेली झटकून टाकतात. मग भट्टीत ती वितळवतात. शेवटी फिल्म कापडावर पालथी ठेवून तापलेल्या प्रेसखाली दाबली, की गोंद कापडाच्या धाग्यांत शिरतो आणि फिल्म सोलली की चित्र कापडावर राहते. पालथे घातल्यामुळे आता रंग वर आणि पांढरा खाली अशी मांडणी होते. ही मांडणी लक्षात ठेवा, कारण उजळपणाचे निम्मे कोडे तिच्यातच आहे.

दिवाळीचा आकाशकंदील आठवा. दिवसा तोच कागद किती साधा दिसतो! रात्री आत दिवा लागला, की तोच लाल, तोच हिरवा कसा झळाळतो! कागद तोच असतो, मागून प्रकाश आलेला असतो. छापील रंगाचेही असेच आहे. शाईचा थर पातळ आणि थोडाफार पारदर्शक असतो. बाहेरचा उजेड त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो, पुन्हा रंगातून गाळून बाहेर येतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे पांढरा थर हाच त्या कंदिलातला दिवा. तो विरळ झाला, की उजेड खालच्या गडद कापडापर्यंत पोहोचतो आणि कापड तो गिळून टाकते. मग वर कितीही केशर ओता, रंग मेलेलाच दिसणार.

आमचा पहिला गुन्हेगार तोच निघाला. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पूड असते. ही पूड पाण्याच्या सुमारे चौपट जड. (गंमत पाहा, ही शुभ्र पूड निघते ती काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट नावाच्या खनिजातून. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती काळी वाळू पुष्कळांनी पाहिली असेल. केरळात तर तिच्यावर चालणारा मोठा कारखानाच आहे.) जड असल्यामुळे ही पूड शाईत तळाला बसते, जसे रात्रीच्या ताकाचे खाली घट्ट आणि वर निवळ होते. म्हणून यंत्रात पांढऱ्याच्या टाकीला ढवळणी असते आणि शाई नळ्यांतून फिरती ठेवलेली असते. पण वीज गेली की ढवळणी थांबली! आमच्याकडे त्या आठवड्यात दोन दिवस वीज नव्हती. वीज येताच, घाईचे काम म्हणून पोराने तसेच छापायला घेतले. वरवरची पातळ निवळ फिल्मवर पडली. डोळ्याला ती पांढरीच दिसत होती. पण छापलेली फिल्म दिव्यासमोर धरून पाहिली असती तर तिच्यातून दिवा आरपार दिसला असता.

तेव्हा पहिली सवय ही, की रोज काम सुरू करण्यापूर्वी पांढरी टाकी ढवळावी, बाटली हलक्या हाताने उलटसुलट करावी. खळखळ हलवू नये. फेस आला की हवा नळीत शिरते आणि नोझल कोरडे पडते. मग नोझलची चाचणी काढावी. यंत्र बारीक रेघांची जाळी छापून देते. जिथे रेघ तुटली, तिथले छिद्र बंद आहे असे समजावे. हे काम दोन मिनिटांचे, आणि तरीही निम्मे लोक ते टाळतात! गुलाबी शाईची छिद्रे बुजली असतील तर भगवा पिवळट येतो; पिवळीची बुजली असतील तर तोच गुलाबीकडे झुकतो. गिऱ्हाईक म्हणते, “मशीनच बेकार आहे.” मशीन बिचारे सांगत असते, विचारायला कोणी जात नाही.

पण म्हणून पांढरा हवा तेवढा ओतावा, असेही नव्हे. पोराने दुसऱ्या दिवशी नेमके तेच केले. पांढरा इतका दाट टाकला की तो ओलेपणी पुढच्या रंगात मिसळला आणि नारिंगी रंग दुधाळ, साईसारखा झाला. शिवाय छपाई जाड पुठ्ठ्यासारखी लागू लागली, आणि अशी जाड छपाई ओढताणीने लवकर तडकते. पांढरा भरपूर हवा, तरी रंग आणि पांढरा आपापल्या जागी राहिले पाहिजेत. त्यासाठी फिल्मखालचा यंत्राचा पाट थोडा कोमट ठेवतात आणि छपाई धीम्या गतीने, जास्त फेऱ्यांत करतात. एक फेरी कमी करून वाचवलेला वेळ असा अंगाशी येतो. आणखी एक बारकावा : पांढरा थर कडेने केसभर आत घ्यावा, म्हणजे चित्राभोवती पांढरी किनार डोकावत नाही.

पांढऱ्याची गोष्ट मी लांबवली खरी. पण माझ्या मते दहातली सात कामे तिथेच बिघडतात.

आता दुसरा गुन्हेगार. तो दुकानात नव्हता. तो शाळेत होता, आणि खरे सांगायचे तर तो मीच होतो. बोधचिन्ह पाठवा म्हटल्यावर मी काय केले? शाळेच्या पत्रकागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला. संध्याकाळची वेळ, ट्यूबलाइटचा उजेड, कागद जुना. शिवाय व्हॉट्सअॅप साधा फोटो पाठवताना तो दाबून लहान करते, त्यात बारकावे जातात. शिक्षक बंधुभगिनींनो, हे आपण सगळेच करतो. यापुढे निदान एवढे करावे : मूळ फाइल कुणा डीटीपीवाल्याकडे असेल तर ती मिळवावी आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती आहे तशी पोहोचते. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. दहा इंच रुंदीचे चित्र हवे तर फाइल ३,००० ठिपके रुंद हवी. त्याहून लहान फाइल ताणली तर कडा फिसकटतात, आणि फिसकटलेल्या कडेजवळचा रंग कधी उजळ दिसत नाही.

माझ्या फोटोतला नारिंगी डोळ्याला नारिंगी दिसत होता. पण संगणकावर त्याचे आकडे पाहिले तेव्हा उलगडा झाला. त्यात सायन शिरला होता आणि काळाही शिरला होता. इथे रंगांचा एक साधा नियम सांगतो. चित्रकलेच्या शिक्षकांना तो ठाऊकच आहे, पण यंत्रापुढे बसल्यावर आपण तो विसरतो.

पिवळी शाई उजेडातला निळा भाग शोषते. मॅजेंटा हिरवा भाग शोषते. सायन लाल भाग शोषते. आपल्याला हवा आहे भगवा, म्हणजे लाल उजेड पुरा, हिरवा निम्मा आणि निळा जवळजवळ नाही. त्यासाठी पिवळी भरपूर आणि मॅजेंटा निम्म्याच्या आसपास, बस्स. यात सायनचे चार थेंब पडले, की ज्या लाल उजेडावर भगव्याचे सगळे तेज, तोच कापला जातो. रंगपेटी घेऊन बसलेले मूल लाल-पिवळ्यात चुकून निळा ब्रश बुडवते आणि पाणी कसे चिखलाचे होते, तेच हे. उजळ रंग दोन शायांचा असतो. तिसरी आली की तो मळतो. भगव्यात सायन नको, पोपटी हिरव्यात मॅजेंटा नको, राणी रंगात पिवळीचा लवलेशही फार नको. गडद छटा हव्याच असतील तर गोष्ट वेगळी; पण झेंड्याचा, सूर्याचा, गुलालाचा रंग आकडे पाहून साफ करून घ्यावा. आम्ही सूर्यातला सायन आणि काळा शून्यावर आणला, तसा तो एका झटक्यात टवटवीत झाला. शाई एक थेंबही जास्त लागली नाही. उलट कमी लागली.

यावर कोणी विचारील, की मोबाइलमध्ये तर झेंडूपेक्षाही तेजस्वी रंग दिसतो, तो का येत नाही? त्याचे असे आहे, की मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे तिथे पेटलेले असतात. एकात एक मिसळत गेले की उजेड वाढतो. शाई मात्र बाहेरून आलेल्या उजेडातून काही भाग गिळते आणि उरलेला परत देते. शाया मिसळत गेल्या की उजेड घटतो. एक मिळकत आहे, दुसरा खर्च. म्हणून पडद्यावरचा झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा आणि चमकता गुलाबी हे रंग चार शायांत पुरे येत नाहीत. हा कोणाचा दोष नव्हे. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. छापल्यावर सांगितले की ती सबब ठरते. अगदीच हट्ट असेल तर काही यंत्रांत फ्लुरोसंट शाया घालतात. न दिसणारे अतिनील किरण घेऊन त्या दिसणारा उजेड बाहेर टाकतात, म्हणून त्या पेटल्यासारख्या वाटतात. पण उन्हात त्या लवकर विटतात. रोजच्या वापराच्या कपड्यासाठी मी तरी त्यांची शिफारस करणार नाही.

चार शायांची ही अडचण जुनीच आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घराघरांत ज्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पोहोचल्या, त्या या छापखान्याच्या. तिथे प्रत्येक रंगाला निराळा दगड असे. चेहऱ्याचा गुलाबी वेगळा, शालूचा लाल वेगळा, सोनेरी वेगळा. एकेका चित्राला कितीतरी दगड, आणि प्रत्येक दगडाखाली तोच कागद पुन्हा पुन्हा नेमक्या जागी ठेवायचा. तयार रंगच दगडाला लावला जाई, म्हणून मिश्रणाने मळण्याचा प्रश्न कमी. आजच्या यंत्राला एवढी चैन नाही. त्याने चारांतच भागवायचे असते, आणि म्हणून तो हिशेब नीट ठेवावा लागतो.

हा हिशेब ठेवणाऱ्या प्रणालीला ‘रिप’ म्हणतात आणि त्यात रंगाची एक कुंडली भरलेली असते, तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात. संगणकातला अमुक रंग या यंत्रावर, या शाईने, या फिल्मवर आणायचा तर कोणती शाई किती टाकायची, याचे ते कोष्टक. अशा कोष्टकांची एक समान पद्धत असावी म्हणून १९९३ साली काही कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग मंडळ स्थापन केले. तिचीच ‘आयसीसी प्रोफाइल’ आज सगळीकडे चालते. आता शाई बदलली, फिल्म बदलली आणि कोष्टक जुनेच ठेवले, तर एका विहिरीच्या मापाने दुसऱ्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखे होते. स्वस्त मिळाली म्हणून निराळ्या कंपनीची शाई ओतणारे पुष्कळ आहेत. वाचलेले पैसे फुकट गेलेल्या कपड्यांत जातात. शाई विकणाऱ्याकडे तिची प्रोफाइल मागावी. तो देत नसेल तर शाई घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि शाईची मर्यादाही त्या कोष्टकातच असते. ती काढून टाकली की रंग खुलेल, असा गैरसमज आहे. मीठ दुप्पट घातले म्हणून भाजी दुप्पट चविष्ट होत नाही. फिल्मवरचा लेप ठरावीक शाई धरतो. त्यापुढची शाई ओघळते, शेजारच्या रंगात शिरते आणि सगळे काळवंडते.

शाई न वाढवता रंग उजळ करण्याची एक युक्ती मात्र आहे, आणि ती डोळ्याची आहे. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा गालिचे विणण्याचा प्रसिद्ध कारखाना होता. तिथल्या रंगखात्यावर १८२४ साली शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. निळ्या-जांभळ्या विणीत काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी ती लोकर दुसरीकडच्या उत्तम काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. तिच्यात काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे डोळ्यालाच ती फिकी भासत होती. यावर त्यांनी पुढे अभ्यास करून १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. (गृहस्थ १०२ वर्षे जगले, रंगात रमलेली माणसे दीर्घायुषी होत असतील तर चित्रकला शिक्षकांना आशा आहे!) आपल्या पैठणीच्या विणकरांना ही गोष्ट ग्रंथाशिवायच ठाऊक होती. जांभळ्या अंगाला हिरवा काठ, हिरव्या अंगाला लाल काठ. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुले यालाच विरोधी रंगसंगती म्हणतात.

आमच्या चिन्हात सूर्यामागे एक पांढरी तबकडी होती. कागदावर ती शोभत असेल. पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर कोणताही रंग असतो त्याहून काळोखा वाटतो. आम्ही ती तबकडी काढली आणि सूर्य सरळ निळ्या कापडावर बसवला. त्याच्या खालचा पांढरा थर अर्थातच ठेवला. निळ्याच्या शेजारी नारिंगी कसा उठला म्हणता! त्याचप्रमाणे, काळ्या कापडावर चित्रातला काळा भाग छापूच नये, तिथे कापड तसेच उघडे ठेवावे. शाई वाचते, छपाई मऊ राहते, आणि शेजारचे रंग उठून दिसतात.

आता हवा आणि उष्णता यांविषयी थोडे. या यंत्राला खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हवा कोरडी झाली, की शाई नोझलच्या तोंडाशीच सुकते आणि भुकटी विजेच्या ओढीने नको तिथे चिकटते. ओले फडके टांगून किंवा खोलीत पाण्याची परात ठेवून थोडा फरक पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात उलट, भुकटी ओल धरून गोळे होते आणि फिल्मही दमट होते. तिथे भुकटीचा डबा घट्ट झाकून ठेवावा, आणि कापड आधी प्रेसखाली तीन-चार सेकंद रिकामे दाबून त्यातली ओल काढावी.

भट्टीत भुकटी नीट वितळली पाहिजे. कच्ची राहिली तर शाईतला ओलावा आत अडकतो, दोन दिवसांनी फिल्मला तेलकट घाम सुटतो आणि रंग मंदावतो. जास्त भाजली तर पांढरा पिवळा पडतो, म्हणजे कंदिलातला दिवाच मिणमिणता होतो. भाकरीसारखेच आहे : कच्ची नको, करपलेली नको. सुती कापडाला प्रेस साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसवर, १० ते १५ सेकंद असे धरतात. पण फिल्म आणि भुकटीच्या पाकिटावर जे लिहिले असेल ते प्रमाण मानावे. प्रेसच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. व्होल्टेज कमी असले की आकडा १६० दाखवतो आणि कोपरे थंडच असतात. तापमान पाहण्याची बंदूक मिळते, तिने मधूनमधून तपासावे.

फिल्म थंड झाल्यावर सोलायची की गरम असताना, हे फिल्मच्या जातीवर असते. सोलल्यावर वर कागद ठेवून पुन्हा काही सेकंद दाबावे, ही पायरी गाळू नये. हिने छपाई टिकाऊ तर होतेच, पण रंगही खोल होतो. कसा? कोरडा कातळ पाहा आणि पावसाने भिजलेला पाहा. भिजलेला गडद आणि रसरशीत दिसतो, कारण पाण्याने खडबडीत पृष्ठभाग सपाट झालेला असतो. खडबडीत पृष्ठभाग उजेड चोहीकडे विखरतो आणि रंगावर पांढरट धुके आणतो. दुसऱ्या दाबाने छपाई गुळगुळीत होते, ते धुके जाते.

एक फसवणूक सांगितलीच पाहिजे, कारण तिने गावोगावच्या संघांना रडवले आहे. खेळाचे चकचकीत टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचे असतात. लाल पॉलिएस्टरवर पांढरे आकडे छापले, सुंदर दिसले, आणि दोन-तीन दिवसांनी ते गुलाबी झाले! शाईचा यात काही दोष नाही. पॉलिएस्टरला दिलेला रंग उष्णतेने वाफ होऊन उडतो आणि वरच्या पांढऱ्या थरात हळूहळू मुरतो. अशा कापडाला कमी उष्णतेवर वितळणारी भुकटी वापरून प्रेस १३० ते १४० अंशांच्या आत ठेवावा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे रंग अडवणारी काळी भुकटी. ती पांढऱ्याच्या पाठीशी भिंतीसारखी उभी राहते. निदान एक कपडा छापून तीन दिवस ठेवून पाहावा, मगच बाकीचे घ्यावेत. सामन्याच्या आदल्या दिवशी काम सांगणाऱ्याला हे जमणार नाही, तो भाग वेगळा.

धुण्याचे थोडक्यात : पहिला दिवस धुवू नये, पुढे कपडा उलटा करून गार पाण्यात धुवावा, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नये.

आमच्या मुली जिल्ह्याला त्याच मावळत्या सूर्याचे टी-शर्ट घालून खेळल्या. दुसऱ्या फेरीत हरल्या, पण त्यात सूर्याचा काही संबंध नव्हता. पंधरा दिवसांनी पोराने नवे टी-शर्ट करून दिले. कापडाचे पैसे शाळेने दिले, शाई आणि मेहनत त्याची. फाइल मी खराब दिली होती, तेव्हा सगळा भुर्दंड त्याच्यावर टाकणे मला पटले नाही. छापण्याआधी आम्ही निळ्या कापडाच्या एका लांब पट्ट्यावर तोच सूर्य नऊ वेळा छापला. प्रत्येकात पांढरा आणि मॅजेंटा थोडा थोडा बदलून, आणि खाली आकडे लिहून. मग बाया साडी दुकानाच्या दाराशी नेऊन पाहतात, तसा तो पट्टा आम्ही रस्त्यावर उन्हात नेला. ट्यूबखाली जो सगळ्यांत चांगला वाटला होता, तो उन्हात पिवळा पडला आणि सहावा जिंकला.

तो पट्टा अजून त्याच्या दुकानात भिंतीला लावलेला आहे. आता त्याच्या शेजारी लाल, हिरव्या आणि राणी रंगाचेही पट्टे आले आहेत. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते, तेव्हा तो म्हणतो, “मोबाइल खिशात ठेवा, आणि यातल्या एकावर बोट ठेवा.” बोट ठेवले की तो खालचा आकडा वहीत उतरवून घेतो, आणि मगच फाइल उघडतो.